पूरग्रस्त शेतीक्षेत्रातील कृषी अवजारांच्या नुकसानीचे मूल्यमापन : पंचगंगा-कृष्णा खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांनी 2005, 2019 व 2021 या वर्षी महापूर अनुभवला. पूर ओसरल्यानंतर पंचनामे होतात, तेव्हा बाधित पिकाचे क्षेत्र, खरडून गेलेली जमीन व मृत जनावरे यांची नोंद प्रामुख्याने केली जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतही पिकाचे नुकसान 33 टक्के वा अधिक असल्यास मदतीची तरतूद आहे. विद्युतपंप, स्टार्टर पेटी, ठिबक संच, फवारणी यंत्र यांची हानी मात्र बहुधा अंदाजाने सांगितली जाते. वस्तुतः ऊसशेतीचे पुढील सिंचन याच साधनांवर अवलंबून असते.

हानीचे स्वरूप :
सर्व अवजारांची हानी समान नसते. पाण्याची उंची, बुडालेला कालावधी, गाळाचे प्रमाण व अवजार हलविण्याची सोय हे चार घटक निर्णायक ठरतात. लोखंडी नांगर बुडाला तरी गंज काढून वापरता येतो. मोटारीत पाणी व गाळ शिरल्यास वेटोळ्यांचे विद्युतरोधन बिघडते आणि बेअरिंगमधील वंगण धुऊन जाते. ती न वाळविता सुरू केल्यास जळण्याचा धोका असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी गेल्यास तेल दुधाळ होते. अशा स्थितीत इंजिन चालविल्यास हानी वाढते. ठिबकच्या नळ्या गाळाने बुजतात किंवा वाहून जातात. पुराची पूर्वसूचना वेळेवर मिळाल्यास शेतकरी नदीकाठच्या मोटारी उंचावर हलवितात. म्हणून हानीचे प्रमाण सूचनेच्या वेळेवरही अवलंबून असते.

मूल्यमापनाची पद्धती :
प्रथम अवजाराचे चालू घसारित मूल्य काढावे. त्यातून भंगार मूल्य वजा करून येणारी रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च यांची तुलना करावी. यांपैकी जी रक्कम कमी, ती प्रत्यक्ष हानी होय. अवजार वाहून गेले असल्यास भंगार मूल्य शून्य धरावे.

उदाहरणादाखल, समजा एका पंपसंचाची नवी किंमत 50,000 रुपये, आयुष्य 10 वर्षे व आयुष्याअखेरचे मूल्य 5,000 रुपये आहे. वार्षिक घसारा 4,500 रुपये येतो. 6 वर्षांनंतर मूल्य 23,000 रुपये उरते. पुरात भिजलेल्या संचाचे भंगार 5,000 रुपयांना जात असेल, तर तुलनेची रक्कम 18,000 रुपये होते. रिवाइंडिंगसह दुरुस्ती 12,000 रुपयांत होत असल्यास हानी 12,000 रुपये; दुरुस्तीस 28,000 रुपये लागत असल्यास हानी 18,000 रुपये; आणि संच वाहून गेल्यास 23,000 रुपये.

या प्रत्यक्ष हानीत अवजार बंद असतानाचे भाडे व पाण्याअभावी घटलेले उत्पन्न मिळवू नये. ते अप्रत्यक्ष नुकसान म्हणून स्वतंत्र दाखवावे. पिकाच्या पंचनाम्यात तीच घट आली असल्यास ती दुबार मोजली जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

पद्धतीची मर्यादा :
वरील उदाहरणात संच वाहून गेल्यास हिशेबाने हानी 23,000 रुपये असली, तरी शेतकऱ्यास नवा संच घेण्यासाठी 50,000 रुपये उभे करावे लागतात. जुनी अवजारे वापरणाऱ्या अल्पभूधारकास ही तफावत सर्वाधिक जाणवते. यास्तव अहवालात ‘घसारित हानी’ व ‘पुनर्खरेदीचा खर्च’ हे दोन्ही आकडे देणे आवश्यक आहे. पहिला आकडा संपत्तीची घट दाखवितो, तर दुसरा शेती पुन्हा उभी करण्याची गरज दाखवितो.

निष्कर्ष :
पूरानंतर केलेली मोजणी पूर्वनोंदीअभावी अपुरी पडते; वाहून गेलेल्या मोटारीचा पुरावा शेतात उरत नाही. पावसाळ्यापूर्वी अवजाराचा प्रकार, अश्वशक्ती, खरेदीचे वर्ष, किंमत व बसविण्याची उंची यांची गावनिहाय नोंदवही तयार झाल्यास मूल्यमापन विश्वसनीय होईल. ग्रामीण महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे काम अल्प खर्चात होऊ शकते.