लॉर्ड हॅरिस : मैदान कोणी दिलं, कोणी मिळवलं?

केंट परगण्याचे कप्तान, चार कसोटींत इंग्लंडचे कप्तान आणि पुढे लॉर्ड्सवरच्या एमसीसीचे अध्यक्ष व खजिनदार असलेले लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. खेळावर पोट नसलेला, पण खेळाचा कारभार मुठीत ठेवणारा उमराव ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जातच होती आणि हॅरिस तिचे ठळक प्रतिनिधी. त्यांचा अंमल सोलापूरपर्यंत चाले. जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर हा आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे त्यांच्या उपकाराचं ओझं आपल्यावर नाही. तरी ‘भारतीय क्रिकेटचे जनक’ हे त्यांना चिकटलेलं बिरुद तपासून घ्यायला हवं, आणि माझ्या मते ते टिकत नाही.

कालक्रमच पाहा. मुंबईतल्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला १८४८ मध्ये, म्हणजे हॅरिस यांच्या जन्माआधी तीन वर्षं. जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी चार गडी राखून हरवलं. हॅरिस गव्हर्नर झाले त्यानंतर. खेळ रुजला होता, अडचण जागेची होती. एस्प्लनेडच्या मैदानात गोरे लोक पोलो खेळत, घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि त्याच जमिनीवर देशी पोरांना खेळपट्टी आखावी लागे. पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजी यांच्यासारख्या माणसांनी १८८१ पासून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि लगेच फिरवला गेला. हॅरिस आल्यावर पुन्हा अर्ज गेला. खेळाची जाण असलेला हा गव्हर्नर तरी ऐकेल, ही आशा गैर नव्हती; पण त्यांनी पोलोचीच बाजू घेतली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण माणसाचं खेळावरचं प्रेम कुठे थांबतं ते इथे दिसतं.

यावर कोणी म्हणेल, मरीन लाइन्सच्या समुद्रकाठची जागा मग कोणी दिली? हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना ती हॅरिस यांच्याच कारकिर्दीत मिळाली, हे खरं आहे. त्यांचं नाव लावणाऱ्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, हेही खरं. पण जागा मिळाली ती मागणी झाली म्हणून. पारशांना आधी दिली, तर इतरांना नाही कशी म्हणायची, हा पेच सरकारपुढे होता. वाटणीही धर्मवार झाली. ही फूट हॅरिस यांनी निर्माण केली असं मी म्हणणार नाही. क्लब आधीच जातीपातींनुसार निघालेले होते. मात्र जमिनीच्या रूपाने त्या फुटीला सरकारी शिक्का बसला, तिच्या हद्दी पक्क्या झाल्या. पुढे तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामने याच पायावर उभे राहिले आणि १९४६ पर्यंत चालले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली तेव्हा गव्हर्नर पुण्यात होते आणि उशिरा परतले, म्हणून त्यांच्यावर त्याच वेळी टीका झाली होती. हेही त्यांच्या हिशेबात धरावं लागेल.

इंग्लंडमधलं त्यांचं काम मोठं होतं. गोलंदाजीतल्या फेकीविरुद्ध ते ठाम उभे राहिले. १९२६ साली भारताला इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये घेण्याचं ठरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. तेवढं श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यावं. मुंबईच्या मैदानांचं श्रेय मात्र दहा वर्षं अर्ज लिहिणाऱ्यांचं आहे. आणि पुण्याच्या क्लबात चार रुपये महिन्यावर काम करणाऱ्या, जागा मागण्याचाही अधिकार नसलेल्या दलित गोलंदाज पालवणकर बाळू यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.