पेपर नेमकं काय तपासतो?

परीक्षा जवळ आली की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. मुलं फार कॉपी करायला लागलीत, ही एक; आणि सवलती फार झाल्यात, ही दुसरी. तक्रार करणारे बहुधा तेच असतात, आणि त्यांच्या लेखी दोन्हींचं कारण एकच असतं: नियम सैल पडले. मग कॉपीबाबत कडक व्हायचं ठरलं की सवलतींच्या बाबतीतही आपोआप हात आखडतो. उत्तरं लिहून घ्यायला रायटर, म्हणजे लेखनिक, मागणाऱ्याकडे कॉपी करणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं जातं.

हा घोळ सोडवायला एक प्रश्न पुरतो. हा पेपर, ही असाइनमेंट, हे प्रॅक्टिकल नेमकं काय तपासायला ठेवलं आहे? विषयाची समज तपासायची असेल, तर बाहीत लपवलेली मायक्रो झेरॉक्स ती तपासणी खोटी पाडते. आणि दृष्टिहीन मुलीच्या हातात छापील प्रश्नपत्रिका देऊन ‘सोडव’ म्हणणंही ती तितकीच खोटी पाडतं. प्रामाणिकपणाचा नियम आणि सोयीचा नियम एकाच कामासाठी असतात. हे लक्षात न घेतल्यामुळे ज्या समजुती पसरल्या आहेत, त्यांतल्या काही इथे घेतो.

‘रायटर मिळाला म्हणजे आयता पेपर’

असं म्हणणाऱ्याने रायटर घेऊन दिलेला एक पेपर शेजारी बसून बघावा. अर्थशास्त्राचा पेपर आहे. रायटर प्रश्न वाचतो, उमेदवार तो पुन्हा वाचायला सांगतो, मनात उत्तर जुळवतो, एक वाक्य सांगतो आणि रायटरचा हात थांबेपर्यंत स्वतः थांबतो. पुढचं वाक्य तेवढा वेळ डोक्यात धरून ठेवायचं. रायटर त्या विषयाचा नसल्याने ‘सीमांत उपयोगिता’ फोड करून सांगायची. ‘मागच्या परिच्छेदात काय लिहिलंस ते वाच’ म्हणायचं. डोळस विद्यार्थी हेच काम एका नजरेत उरकतो. मग मागणी वक्राची आकृती: ‘उभ्या अक्षावर किंमत लिही, आडव्यावर मागणी, आता डावीकडून वरून सुरू करून उजवीकडे खाली उतरणारी रेघ काढ.’ रेघ नीट आली की नाही, हे ज्याला गुण मिळणार आहेत त्याला कळत नाही.

या सगळ्यात जो वेळ जातो त्याची भरपाई म्हणून दर तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असा हिशेब केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत होता. उमेदवाराने स्वतःचा रायटर आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावं, हेही त्याच सूचनांत होतं. म्हणजे गैरवापर होऊ शकतो हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं आणि त्याची तजवीजही त्यांनी केली होती. रायटरच उत्तरं सांगतो अशी प्रकरणं घडत नाहीत असं कोण म्हणेल? पण त्यावर उपाय म्हणजे त्या खोलीत जागा सुपरवायझर ठेवणं. रायटरच नाकारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही? मग काही मिळणार नाही’

ही समजूत ऑफिसच्या खिडकीवर सगळ्यात घट्ट बसलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६मध्ये ४० टक्क्यांची अट आहे, हे खरं. पण ती प्रामुख्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि कमाल वयात ५ वर्षांची सवलत. वाजवी सोय मिळण्याचा हक्क मात्र कायद्यातल्या सगळ्याच दिव्यांग व्यक्तींना आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे ‘विकास कुमार विरुद्ध यूपीएससी’ या फेब्रुवारी २०२१च्या निकालात स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार, म्हणजे रायटर्स क्रॅम्प, असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट दाखवून रायटर नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की एका लाभासाठी घातलेली अट दुसऱ्या हक्काला चिकटवता येत नाही. पाठोपाठ ऑगस्ट २०२२मध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी केंद्राने वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एवढं होऊनही खिडकीपलीकडून ‘चाळीस आहे का?’ हाच पहिला प्रश्न येतो.

टक्केवारीचं दुसरं टोक याहून गमतीशीर आहे. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर भरलं, म्हणून तो एमबीबीएसला अपात्र ठरला. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटलं, नुसता आकडा पुरेसा नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, ते दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासावं. एकीकडे टक्के कमी म्हणून नाही, दुसरीकडे जास्त म्हणून नाही. माणूस काय करू शकतो हे बघायचं राहूनच जातं.

‘धडधाकट तर दिसतो’

जुन्या, १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. आताच्या कायद्यात २१ आहेत, आणि त्यांतले कितीतरी वर्गात बसलेल्या मुलाकडे बघून कळत नाहीत: अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस. सिकलसेलही त्या यादीत आहे. तो गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांना नवा नाही. अशा विद्यार्थ्याला वेदनेचा झटका येतो, तो चार-सहा दिवस अंथरुणाला खिळतो आणि परत येतो तेव्हा हसतखेळत असतो. ७५ टक्के हजेरीच्या तक्त्यात तो ‘दांडीबहाद्दर’ ठरतो.

‘दहा टक्क्यांपर्यंत उचललेलं चालतं’

पीएचडीच्या विद्यार्थ्यांत ही समजूत जवळजवळ नियम म्हणून फिरते. टक्का नऊवर आणून देणारी दुकानंही आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; १० ते ४० टक्क्यांना सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो; ४० ते ६०ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही; आणि ६०च्या वर नोंदणी रद्द. पण हे आकडे साम्याचे आहेत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर, समीकरणं वगळून जे उरतं त्याचे. सॉफ्टवेअरला शब्द जुळलेले दिसतात, चोरी दिसत नाही. नियमावलीने वाङ्मयचौर्याची व्याख्या मात्र दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं अशी केली आहे, आणि त्या व्याख्येत टक्का नाही.

मराठीत याचा एक खास प्रकार आहे. इंग्रजी ग्रंथाचं प्रकरण घ्यायचं, मराठीत उतरवायचं, मूळ लेखकाचं नाव गाळायचं. सॉफ्टवेअर इथे शून्याच्या आसपास साम्य दाखवू शकतं, आणि चोरी शंभर टक्के असते. उलटंही होतं: सर्वेक्षणाची पद्धत सांगणारी ठरावीक वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात आणि प्रामाणिक विद्यार्थ्याचा टक्का फुगतो. अहवाल उघडून रंगवलेली वाक्यं वाचण्याऐवजी पहिल्या पानावरच्या आकड्यावर सही करणारे मार्गदर्शक या समजुतीचे खरे पोशिंदे आहेत. आणि हो, पदवी मिळाली की सुटलो, असंही नाही. नंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवण्याची तरतूद आहे.

‘असाइनमेंटलाही यूजीसीचाच नियम’

नाही. हीच नियमावली असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध आणि उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळते. ती पदव्युत्तर व संशोधन पदवीचे प्रबंध आणि प्रकाशनं यांच्यासाठी आहे. म्हणजे बीएस्सीच्या वर्गात काय चालेल आणि काय नाही, हे संस्थेने आणि शिकवणाऱ्यानेच सांगायला हवं.

आणि तिथेच आपल्याकडे सगळी मोघम परिस्थिती आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलचंच बघा. सीनियरचं सर्टिफाइड जर्नल वर्गभर फिरतं, निरीक्षणांचे आकडेसुद्धा जसेच्या तसे उतरतात, सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या एका खोलीत पाच जण बसून पाच जर्नलं ‘कंप्लीट’ करतात, आणि सकाळी त्यावर सही होते. सही करणाऱ्याला हे माहीत असतं. मग तोच विद्यार्थी एमएस्सीला गेल्यावर त्याने अचानक संदर्भ द्यायला शिकावं, अशी अपेक्षा असते. प्रयोगाची कृती एकमेकांत बोलून लिहिली तर चालेल, पण आकडे स्वतःचेच हवेत, चुकलेले असले तरी; एवढं एक वाक्य वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं तर निम्मा घोळ मिटतो. फक्त मग चुकलेल्या आकड्यांचे गुण कापायचे नाहीत, हे शिकवणाऱ्याने पाळायला हवं.

‘एआयने लिहिलेलं सॉफ्टवेअर पकडतं’

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र २०२३च्या जानेवारीत आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेला मजकूर त्याला २६ टक्के वेळा ओळखता आला होता, आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के वेळा त्याने यंत्राच्या नावावर टाकला होता. आपल्याकडच्या वर्गासाठी त्याहून महत्त्वाचा आहे तो स्टॅनफर्डच्या संशोधकांचा त्याच वर्षीचा अभ्यास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध त्यांनी सात ओळखयंत्रांना दिले, तर सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. कारण ही यंत्रं शब्द किती अपेक्षित आहेत ते मोजतात. मोजका शब्दसंग्रह आणि साधी वाक्यं दिसली की संशय घेतात. मराठी माध्यमातून आलेला मुलगा घाम गाळून जे इंग्रजी लिहितो, ते नेमकं असंच असतं. संशय आलाच तर त्याला समोर बसवून पाच मिनिटं व्हायवा घ्यावी. स्वतः लिहिलेल्यावर माणूस बोलू शकतो.

याच मुलाच्या संदर्भात आणखी एक: अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्याला उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, असं यूजीसीने एप्रिल २०२३मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. निर्णय विद्यापीठाचा, पण ‘यूजीसी परवानगी देत नाही’ हे उत्तर खोटं आहे.

‘नवा कायदा आला, आता कॉपी केली की तुरुंग’

२०२४चा केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए अशा परीक्षांपुरता आहे, आणि त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. विद्यापीठाच्या परीक्षांसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९८२पासून आहे. नेहमीचं कॉपी प्रकरण मात्र विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे जातं, आणि तिथे विद्यार्थ्याला बाजू मांडू द्यावीच लागते.

‘यादी तर वाचली, त्यात भेदभाव कसला?’

तास चालू असताना ऑफिसचा शिपाई येतो, आणि कोणत्या प्रवर्गाच्या स्कॉलरशिपचे फॉर्म कोणी भरायचे राहिलेत त्यांची नावं सर प्रवर्गासकट मोठ्याने वाचतात. वाईट हेतू नसतो. पण यूजीसीच्या २०१२च्या समतेविषयीच्या नियमावलीने विद्यार्थ्यांच्या जाती वर्गात जाहीर करणं, त्यांना ‘राखीव’ म्हणून ओळखणं, कमी गुणांचं कारण म्हणून जातीचा उल्लेख करणं, ही भेदभावाची उदाहरणं म्हणून नोंदवली आहेत. मोबाईलवर मेसेज पाठवायला शिपायाला पाठवण्याइतकाही वेळ लागत नाही.

‘पीडीएफ ग्रुपवर टाकलीय, आता आणखी काय करू?’

पीडीएफ पीडीएफमध्ये फरक असतो. फोटो काढून केलेली पीडीएफ स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोरं पान. आणि मराठी नोट्सची आणखी एक व्यथा आहे: त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण कृतिदेवमध्ये ते टाइप केलं असेल तर फाइलीच्या आत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. वीस पानं अशी ऐकून बघा.

पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचा भंग होईल, ही भीतीही अनेक ग्रंथपालांना असते. २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकाच्या शिक्षणासाठी, नफा न घेता, पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेश करार २०१४मध्ये मंजूर करणारा भारत पहिला देश होता, आणि २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशी पुस्तकं पुरवतं आहे. तिथे हवं ते क्रमिक पुस्तक नसेल तर स्कॅन करून ओसीआर लावायचं, जोडाक्षरं कुठे फुटलीत ती एका वर्गमित्राकडून दुरुस्त करून घ्यायची आणि फाइल जपून ठेवायची. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही तीच लागणार असते.