चिलखती डायनोसॉर

डायनोसॉर म्हटले म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा विक्राळ मांसभक्षक प्राणीच उभा राहतो. परंतु पाला खाऊन राहणारे व अंगावर हाडांचे चिलखत बाळगणारे डायनोसॉरही होऊन गेले. त्यांस अँकिलोसॉर म्हणतात.

त्यांचे चिलखत कासवाच्या पाठीसारखे एकसंध नव्हते. मगरीप्रमाणे त्यांच्या कातडीतच हाडांच्या चकत्या तयार होत व त्यांवर नखाच्या जातीच्या द्रव्याचे आवरण असे. वर्गात बैलाच्या शिंगाचा दाखला द्यावा. आत हाड व वर शिंगाचे टोपण, अशीच ही रचना होय. काही जातींच्या शेपटीच्या टोकास हाडांची गदा असे. सर्वांनाच ती होती, असे मात्र शिक्षकांनी सांगू नये.

प्राणी मेला की कातडी कुजते व चकत्या विखुरतात. त्यामुळे त्या मूळच्या कोठे होत्या, हे ठरविणे कठीण जाते. सन २०११ मध्ये कॅनडातील आल्बर्टा प्रांतात एका खाणीत खोदकाम चालू असता जो अवशेष सापडला, त्याचे मोल याचसाठी मोठे आहे. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी या प्राण्याचे प्रेत समुद्रात वाहत जाऊन तळाच्या चिखलात गाडले गेले. चकत्या जागच्या जागी राहिल्या, कातडीचे अंशही टिकले. मार्क मिचेल यांनी सुमारे ७,००० तास खपून तो दगडातून मोकळा केला. सन २०१७ मध्ये त्याचे 'बोरिआलोपेल्टा मार्कमिचेली' असे नामकरण झाले. त्याची लांबी सुमारे साडेपाच मीटर व वजन सुमारे १,३०० किलोग्रॅम असावे. शेपटीला गदा नव्हती, खांद्यांवर मात्र लांब काटे होते.

कातडीतील रंगद्रव्याच्या खुणांवरून पाठ तांबूस व पोटाकडील भाग फिकट असावा, असे अनुमान निघाले. हरणासारख्या प्राण्यांचा हा रंग लपण्यास उपयोगी पडतो. पूर्ण वाढलेल्या हत्तीस वा गेंड्यास त्याची गरज भासत नाही. एवढे चिलखत असूनही या प्राण्यास लपावे लागत होते! यावरून त्या काळचे शिकारी प्राणी किती बलाढ्य असतील, याचा विचार विद्यार्थ्यांनाच करू द्यावा.

पोटातील शेवटचा घासही टिकला होता. त्यात मुख्यतः नेच्यांची पाने होती व कोळशाचे कणही मिळाले. वणव्यानंतर जळल्या जागी फुटलेला कोवळा पाला तो खात असावा.