डांगच्या डोंगरात मुक्काम कोठे करावा?

सुटी जवळ आली की घराघरांतून सहलीचे बेत रचले जातात. ज्यांचे आप्त सुरतेस आहेत, त्यांचे पाय साहजिकच तेथून पुढे डांगच्या डोंगरांकडे वळतात. परंतु म्हातारी माणसे व लहान मुले बरोबर असता रात्रीचा निवारा कोठे पाहावा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पांथस्थांची सोय करणे सुरतेला नवे नाही. शहाजहानच्या कारकिर्दीत, 1644 साली, हाजच्या यात्रेकरूंसाठी येथे मोगल सराई उभारण्यात आली. त्याच वास्तूत आज महानगरपालिकेचा कारभार चालतो. शहरात उतरावयाचे झाल्यास लॉजांना तोटा नाही. मात्र खोलीचे भाडे विचारण्यापूर्वी जिना पाहावा. मे 2019 मध्ये सुरतेतील तक्षशिला या इमारतीस आग लागून शिकवणीस आलेली 22 मुले प्राणास मुकली. बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय, ती कुलूपबंद तर नाही ना, हे विचारण्यात संकोच कसला?

आता डांगकडे वळू. सुरतेहून सापुतारा सुमारे 160 किलोमीटर आहे. बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद रुळांची जुनी आगगाडी आहे. 2020 साली बंद पडलेली ही गाडी 2021 साली पुन्हा सुरू झाली. निघण्यापूर्वी तिची वेळ मात्र स्टेशनावर विचारून घ्यावी.

मुक्कामाच्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. सापुताऱ्यास गुजरात पर्यटन महामंडळाचे तोरण हे निवासस्थान व पुष्कळ खाजगी हॉटेले आहेत. ज्यांच्याबरोबर वृद्ध माणसे आहेत, त्यांनी येथेच राहावे. दुसरा प्रकार वनखात्याच्या शिबिरांचा: पूर्णा अभयारण्यात महाल येथे व वघईजवळ किलाद येथे. नदी, बांबूची बने आणि निःशब्द रात्र ज्यांना हवी, अशा धडधाकट तरुणांना ही ठिकाणे मानवतील; पण आगाऊ नोंदणी केल्याशिवाय तेथे जाऊ नये. तिसरा प्रकार आहवा, वघई येथील साध्या लॉजांचा. आहवा हे जिल्ह्याचे ठाणे असून सरकारी रुग्णालय तेथे आहे. ज्यांच्या घरी दम्याचा अथवा हृदयविकाराचा रोगी असेल, त्यांनी हे विसरू नये.

पावसाळ्यात डांगचे रूप काही आगळेच! अंबिका नदीवरील गिरा धबधबा तेव्हाच भरात असतो. परंतु गर्दीही तेव्हाच, आणि भाडीही तेव्हाच चढतात. मोबाइलवरील सुंदर चित्रे पाहून अनोळखी माणसास पैसे धाडू नयेत. आधी दूरध्वनीवरून स्पष्ट विचारावे: वीज गेल्यास काय सोय आहे? गरम पाणी केव्हा मिळते? भिंतींना ओल आहे काय? रात्रीचे जेवण किती वाजेपर्यंत मिळते? गाडी दारापर्यंत येते, की सामान घेऊन चढ चढावा लागतो? जो मालक नीट उत्तरे देतो, त्याचे भाडे थोडे अधिक असले तरी तेच पत्करावे.

मुक्कामी दिवसाउजेडी पोचावे, हा नियम तर कधीच मोडू नये. डिसेंबर 2018 मध्ये सुरतेच्या एका शिकवणीवर्गाची सहलीची बस डांगमध्ये दरीत कोसळून कोवळे जीव गेले. घाटाची वळणे अवघड. तेथे धुके व अंधार यांची भर कशाला घालावी?

आणखी एक गोष्ट. गुजरातेत दारूबंदी आहे. आपल्याकडे सणासमारंभास जे चालते, ते पिशवीत घालून सीमा ओलांडणे म्हणजे सहलीची सांगता पोलीस ठाण्यात करणे होय!

डांगमधील भिल्ल, कुणबी व वारली बांधवांची बोली आपल्या कानांस फारशी परकी वाटणार नाही. तेथील आदिवासी भगिनी जी भोजनगृहे चालवितात, त्यांचे नावच 'नाहरी'; आपली न्याहारीच की ती! नागलीची भाकरी तेथे आवर्जून खावी. त्यायोगे आपली भूक भागते आणि आपला पैसा ज्यांच्या डोंगरात आपण पाहुणे आहोत, त्यांच्या चुलीपर्यंत पोचतो. पाहुण्यास याहून शोभेसे दुसरे काय?