थव्यातून घरात : पोपटाचे पिल्लू प्रथमच पाळणाऱ्यांसाठी

ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीत ‘कादंबरी’ हा शब्द रूढ झाला, त्या बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत कथेचा मोठा भाग एका पोपटाच्या मुखातून आला आहे. पंपा सरोवराकाठच्या जुन्या शाल्मली वृक्षाच्या ढोलीत त्याचा जन्म झाला. एके दिवशी शिकाऱ्यांच्या टोळीतील एक म्हातारा शबर त्या झाडावर चढतो, ढोलीढोलीत हात घालून पोपटांना ओढून काढतो आणि मारून खाली टाकतो. पित्याच्या पंखांत दडलेले हे पिल्लू वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडते, म्हणून वाचते. पुढे तहानेने व्याकूळ झालेल्या त्या जिवाला स्नानासाठी निघालेला हारीत नावाचा मुनिकुमार उचलतो, त्याच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडतो आणि त्याला आश्रमात नेतो.

पोपटाच्या पिल्लापर्यंत पोहोचणारे माणसाचे हे दोन हात तेराशे वर्षांनंतरही तसेच आहेत. एक हात ढोलीतून पिल्लू ओढतो, दुसरा त्याला पाणी पाजतो. ज्या कुटुंबाला घरात पक्षी आणण्याची हौस आहे, त्याने आपली हौस पहिल्या हाताला बळ तर देत नाही ना, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे.

कोणता पक्षी आणावा?

आपल्याकडील वाड्यांतून आणि चाळींतून पितळी पिंजऱ्यात विठू, राघू वा मिठू टांगलेला असे. तो आपला देशी हिरवा पोपट होय. त्याची पिल्ले आजही ढोलीतून काढली जातात आणि बाजारात पोहोचण्यापूर्वीच त्यांतील अनेक दगावतात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने देशी पोपटांना संरक्षण दिलेले असून त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. हीच गोष्ट डोंगरी मैनेची. आजोबांच्या काळी घरोघरी पोपट असत, हे खरे. पण तेवढ्याने आजचा पिंजरा कायदेशीर ठरत नाही. ज्यांच्या घरी असा पोपट आधीपासून आहे, त्यांनी दया येऊन त्याला एकदम उडवूनही देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे आणि शत्रू ओळखणे ठाऊक नसते. अशा वेळी जवळच्या वन विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग होय.

परदेशी पोपटांपैकी मकाव, काकाकुवा, आफ्रिकेचा राखी पोपट इत्यादी जाती आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहेत. २०२२ साली अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या पाळणाऱ्याला शासनाकडे नोंदणी करावी लागते. शिवाय हे पक्षी अनेक दशके जगतात. प्रथमच पक्षी पाळणाऱ्याने एवढा भार उचलू नये.

त्याच्यासाठी उत्तम पक्षी म्हणजे बजरीगर. आपले दुकानदार याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वास्तविक त्या नावाचा पक्षी आफ्रिकेतला आणि वेगळा आहे. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील छोटा पोपट होय. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली तो जिवंत स्थितीत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून पिंजऱ्यातच त्याच्या असंख्य पिढ्या वाढल्या. त्यासाठी कोणत्याही रानातील ढोली रिकामी करावी लागत नाही, आणि आंतरराष्ट्रीय यादीतही त्याचे नाव नाही. चांगली निगा राखल्यास तो पाच ते दहा वर्षे जगतो.

थव्याचा स्वभाव

पक्ष्याची निगा म्हणजे नियमांची जंत्री पाठ करणे नव्हे. एक गोष्ट मनात ठसली की बहुतेक नियम आपोआप सुचतात. बजरीगर हा थव्याचा पक्षी आहे. तो थव्याने चरतो, थव्याने पाण्यावर येतो आणि थव्यातच झोपतो. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याची झडप वरून येते, म्हणून वरून येणाऱ्या प्रत्येक सावलीला तो भितो. थव्यात जो अशक्त दिसतो तो प्रथम बळी पडतो, म्हणून तो आपले आजारपण लपवतो. घरात आणलेल्या पिल्लाचा थवा सुटलेला असतो. आता ते कुटुंबच त्याचा थवा आहे.

पिल्लू निवडताना

काही विक्रेते अजून चोचीने दाणाही न टिपणारे पिल्लू गिऱ्हाइकाच्या हाती देतात आणि ‘हाताने भरवा, म्हणजे माणसाळेल’ असे सांगतात. नवख्या माणसाने या मोहात पडू नये. भरवण्याची पेज जरा अधिक गरम झाली तर पिल्लाची अन्नाची पिशवी भाजते. घाईने भरवली तर पेज श्वासनलिकेत जाते. बजरीगरचे पिल्लू साधारण पाच आठवड्यांनी घरट्याबाहेर पडते आणि त्यानंतर काही दिवसांत स्वतः खाऊ लागते. तेव्हा सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू घ्यावे आणि ते दाणा सोलून खाताना आपल्या डोळ्यांनी पाहावे.

लहान पिल्लाच्या कपाळावर काळे पट्टे चोचीपर्यंत आलेले असतात आणि डोळे संपूर्ण काळे दिसतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ मोकळे होते. पुढे डोळ्यांत पांढरट कडे उमटते. निरोगी पिल्लाचे डोळे टवटवीत, नाकपुड्या कोरड्या, पिसे अंगासरशी आणि शेपटीखालची जागा स्वच्छ असते. कोपऱ्यात पिसे फुलवून बसलेल्या पिल्लाची दया आली, तरी पहिला पक्षी म्हणून ते आणू नये.

दिवसभर घर बंद राहात असेल तर एक नव्हे, दोन पक्षी आणावेत. दोन पक्षी माणसाची भाषा कमी शिकतील, पण एकमेकांशी बोलतील. आणि पक्ष्याला त्याचीच गरज अधिक असते.

पिंजरा आणि त्याची जागा

घुमटाचा गोल पिंजरा दिसायला शोभिवंत असला तरी पक्ष्याच्या उपयोगाचा नाही. पक्षी आडवा उडतो, वर सरळ उडत नाही. म्हणून पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. दोन पक्ष्यांसाठी किमान ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच असा चौकोनी पिंजरा घ्यावा. याहून मोठा मिळाल्यास उत्तम. गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक नसावे, नाहीतर पिल्लाचे डोके अडकते. बसण्यासाठी एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, कमीअधिक जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात. त्याने पायांना व्यायाम होतो आणि चोचीला सालही मिळते.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी, म्हणजे पाठीमागून भय उरत नाही. तो माणसाच्या नजरेच्या उंचीवर, माणसांचा वावर असलेल्या खोलीत ठेवावा. थेट ऊन, पंख्याचा झोत आणि स्वयंपाकघर मात्र टाळावे.

स्वयंपाकघराविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. पक्ष्याची फुप्फुसे हवेतून प्राणवायू फार कार्यक्षमतेने घेतात, आणि त्याच कार्यक्षमतेने विषही घेतात. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून १९८६ सालापर्यंत कॅनरी पक्षी ठेवले जात, ते याच कारणाने. आज बहुतेक घरांत न चिकटणारे तवे असतात. असा तवा रिकामा राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवण्यापूर्वी पक्ष्याचा काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. उदबत्ती, धूप, डासांची वडी, तंबाखूचा धूर आणि फवाऱ्याची अत्तरे हीसुद्धा पक्ष्याच्या खोलीत नकोत.

पक्ष्याला खोलीत मोकळे सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, काचांवर व आरशांवर पडदे ओढावेत आणि पाण्याची उघडी बादली हलवावी.

आहार

राळे, बाजरी, वरी हे दाणे बजरीगरला प्रिय आहेत. परंतु नुसत्या दाण्यांवर ठेवलेला पक्षी वरून धष्टपुष्ट आणि आतून कुपोषित असतो. कोरड्या दाण्यांत अ-जीवनसत्त्व आणि चुना यांची वाण असते. म्हणून रोज थोडी कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मक्याचे कोवळे दाणे असे काहीतरी स्वच्छ धुऊन द्यावे. पिल्लू प्रथम हिरव्या पाल्याला भिईल. आठ-पंधरा दिवस चिकाटीने तोच पाला पिंजऱ्यात लावत राहावे. ‘समुद्रफेन’ म्हणून ओळखला जाणारा, माकुळाच्या अंगातील पांढरा पापुद्रा पिंजऱ्यात अडकवला की चुन्याची गरज भागते. पाणी दिवसातून किमान एकदा बदलावे, उन्हाळ्यात दोनदा.

हिरवी मिरची पोपटाला आवडते, याचे अनेकांना नवल वाटते. मिरचीतील तिखट द्रव्याची जळजळ पक्ष्यांना जाणवतच नाही, एवढेच त्याचे रहस्य. मात्र पक्ष्याला सोसते ते सर्वच आपल्यासारखे नाही. चहा, कॉफी, चॉकलेट, मद्य, अव्होकाडो, कांदा-लसूण, खारवलेले पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया कटाक्षाने टाळाव्यात. चहात बुडवलेले बिस्किट हे लाड नव्हेत.

ओळख होताना

पिल्लू घरी आल्यावर दोन-तीन दिवस त्याला फक्त पाहू द्यावे. शेजारीपाजारी आणि मुलांचे मित्र यांना तोवर थोपवावे. त्यानंतर घरातील एकाने रोज ठरावीक वेळी पिंजऱ्याजवळ बसून हलक्या आवाजात बोलावे किंवा वर्तमानपत्र वाचावे. पक्षी न बिचकता खाऊ लागला की पिंजऱ्यात हात नुसता स्थिर धरावा, आणि मग हातात राळ्याचे कणीस धरावे. हात नेहमी पक्ष्याच्या छातीच्या पातळीवरून, हळू न्यावा; वरून कधीही नव्हे. वरून येणारा हात त्याच्या लेखी ससाणा असतो. कोणी आठ दिवसांत हातावर येईल, कोणाला दोन महिने लागतील. मुलांना या घरोब्यातून धीर धरण्याचे जे शिक्षण मिळते, ते पाठ्यपुस्तकातून मिळणे कठीण.

बोलणे हे या सर्वांनंतरचे. नर पक्षी अधिक सहजतेने बोलतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील स्पार्की नावाच्या बजरीगरने १९५८ साली बीबीसीची बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा जिंकली होती. त्याला पाचशेहून अधिक शब्द येत असत. पण सर्वच पक्षी बोलत नाहीत, आणि न बोलणारा पक्षी कमी प्रतीचा नव्हे. पोपटपंचीसाठी पक्षी आणू नये; सोबतीसाठी आणावा.

दिवस मावळला की त्याची झोपेची वेळ झाली. दहा-बारा तास अंधार आणि शांतता त्याला हवी. रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणी चालणाऱ्या खोलीत पिंजरा असेल, तर तो संध्याकाळी दुसरीकडे हलवावा.

लपवलेले आजारपण

आजार लपवणे हा थव्यातील पक्ष्याचा स्वभाव आहे, हे वर आलेच आहे. म्हणूनच ‘काल तर अगदी ठीक होता’ असे म्हणण्याची पाळी अनेक घरांवर येते. यावर उपाय एकच, तो म्हणजे रोजचे बारीक लक्ष. पिसे फुलवून दिवसा झोपणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे, विष्ठेचा रंग वा घट्टपणा बदलणे, आवाज बंद होणे, ही लक्षणे दिसताच पक्ष्याला उबेत ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. माणसांची औषधे देऊ नयेत. ग्रॅम मोजणाऱ्या छोट्या तराजूवर आठवड्यातून एकदा वजन करून ते वहीत लिहावे. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम वजन घटले, तर ते दहावा हिस्सा घटल्यापेक्षाही अधिक होय. पिसांमुळे डोळ्यांना ते दिसत नाही, तराजूला दिसते. पक्ष्यांची पारख असलेला पशुवैद्य कोठे आहे, याची चौकशी पिल्लू आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

घरच्या माणसांनीही सावध राहावे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. तळाचा कागद रोज बदलावा, धूळ न उडवता ओल्या फडक्याने पुसावे, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि तोंडातला घास पक्ष्याला भरवू नये. घरात कोणाला ताप-खोकला झाला, तर आपल्या घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घरी आणण्यापूर्वी

आता राहिला तो प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून सोडवायचा आहे. सुट्टीत सर्वजण गावी गेल्यावर पिंजऱ्याकडे कोण पाहणार? मुलाची परीक्षा आणि मुलीची नोकरी सुरू झाल्यावर सकाळचे पाणी कोण बदलणार? बदलीच्या गावी पिंजरा कसा न्यायचा? आज दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला पक्षी तो मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत जगणार आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर थोडे थांबावे. तोवर गच्चीत पाण्याचे मातीचे भांडे ठेवले, तरी रानातले पोपट कधीतरी त्यावर उतरतील.

उत्तरे मिळाली असतील, तर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी दिवा मंद झाल्यावर पिंजऱ्यातून चोच चोचीवर घासल्याचा बारीक आवाज येईल. पक्षी एक पाय पोटाशी घेऊन बसलेला असेल. निर्धास्त झालेला पक्षी झोपण्यापूर्वी असा आवाज करतो. त्याला त्याचा थवा सापडला, असे समजावे.