बोटभर सैनिक, थेंबभर पाणी

‘वॉरहॅमर’ हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८३ साली आणला. त्यातली फौज सहसा रंगवून मिळत नाही. करड्या प्लास्टिकचे सुटे भाग घरी येतात. ते कापायचे, साच्याच्या जोडरेघा खरवडायच्या, चिकटवायचे आणि रंगवायचे. सैनिकाची उंची सुमारे तीन सेंटिमीटर. पहिला सैनिक हातावेगळा झाला की बहुतेकांचा हिरमोड होतो. चिलखतावरची नक्षी बुजलेली, नाकाच्या जागी गोळा. मग नवशिका दुकानातला सगळ्यात बारीक ब्रश आणतो आणि आणखी फसतो.

बारीक ब्रशच्या पोटात रंग मावतच नाही. मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर तो टोकावरच सुकतो. टोक नीट धरणारा एक किंवा दोन नंबरचा ब्रश चेहऱ्यालाही पुरतो. बिघडतं ते बहुधा पाण्याच्या अंदाजामुळे.

हे रंग अ‍ॅक्रिलिक असतात. रंगद्रव्य, ते धरून ठेवणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचे कण आणि पाणी. पाणी उडालं की ते कण एकमेकांत मिसळून पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून अर्धवट सुकलेल्या जागी ‘जरा नीट करू’ म्हणून परत ब्रश फिरवला की रंग सोलल्यासारखा निघतो. चुकलं तर हात आवरायचा, सुकू द्यायचं, मग वरून झाकायचं. नवशिक्याला सर्वांत जड जाते ती ही सबुरी.

बाटलीतला रंग थेट लावू नये. फरशीच्या तुकड्यावर घेऊन थेंबाथेंबाने पाणी घालावं आणि अंगठ्याच्या नखावर ओढून पाहावं: सलग रेघ उमटली पाहिजे, ओघळता कामा नये. पहिला हात डागाळच दिसतो. दिसू द्यावा, दुसऱ्या हाताने तो भरतो. पूर्वी वॉरहॅमरच्या व्हिडिओंमधून शिकवणाऱ्या डंकन ऱ्होड्स यांचं ‘दोन पातळ हात’ हे सांगणं याच कारणाने जगभर तोंडी झालं. पिवळा आणि पांढरा मात्र दोनात ऐकत नाहीत. पिवळ्याखाली आधी तपकिरी किंवा गुलाबी द्यावा, बराच त्रास वाचतो.

रंग पातळ झाला तरी भरलेला ब्रश तसाच टेकवला तर तळं साचतं. आधी तो जुन्या सुती कापडावर हलकेच टिपायचा. शिवाय फटकारा जिथे संपतो तिथे रंग जास्त साठतो, म्हणून ब्रश सावलीच्या दिशेने ओढावा.

सावलीही रंगवावीच लागते. एवढ्याशा मूर्तीवर खोलीतल्या उजेडाची ठळक सावली पडत नाही. त्यासाठी ‘वॉश’ असतो: खाचांत उतरणारा पातळ गडद रंग. काळा ‘नल्न ऑइल’ आणि तपकिरी ‘अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड’ या दोन बाटल्यांवर बरीच फौज उभी राहते. पण सपाट जागी तो साचला तर सुकताना कडेला वलय उमटतं. ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने उचलून घ्यावा. वॉशमुळे सगळीच मूर्ती काळवंडते, तेव्हा उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा द्यायचा.

याच्या उलट ड्रायब्रश. रंग जवळपास सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला उंचवट्यांवर हलकेच घासायचा. केसाळ कातडं, साखळ्यांचं चिलखत क्षणात उठून दिसतं. गुळगुळीत झग्यावर मात्र खडू फासल्यासारखं दिसतं, तिथे हा मोह टाळावा. चिलखताच्या धारेवर उजळ रेघ हवी असेल तर टोकाने काढू नये. ब्रशची कूस धारेवरून सरकवावी.

आपल्याकडे हवाही यात हात घालते. मे महिन्यात रंग पॅलेटवर पाहता पाहता सुकतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर आणि पेपरवर रंग, एवढं केलं की तो तासन्‌तास ओला राहतो. पावसाळ्यात रंगाआधी द्यायचा स्प्रे प्रायमर दमट हवेत खरखरीत बसू शकतो. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

सुरुवात शिरस्त्राण घातलेल्या सैनिकांपासून करावी, म्हणजे डोळ्यांची भानगड पुढे ढकलता येते. पाच सारखे सैनिक एकत्र घ्यावेत. पाचव्याला लाल लावून होईतो पहिला सुकलेला असतो आणि थांबणं आपोआप घडतं. निकाल हातभर अंतरावरून पाहावा. मोबाइलच्या फोटोत दिसणारे दोष टेबलावर कोणालाच दिसत नाहीत. खेळायला काढण्यापूर्वी मॅट वॉर्निशचा एक हात द्यावा, नाहीतर बोटांच्या घासण्याने आधी त्या उजळ धाराच उडतात.