जुन्या लॅपटॉपविषयीचे काही प्रवाद

लॅपटॉप सहा-सात वर्षांचा झाला आणि चालू केल्यावर चहा पिऊन होईतो कामाला लागेनासा झाला, की ‘याचा प्रोसेसर झिजला’ असा निवाडा घरोघर बिनदिक्कत दिला जातो. वास्तविक ज्या अवयवात हलणारा एकही भाग नाही, तो नित्याच्या वापराने झिजून मंदावत नाही. पंख्याच्या जाळीत धूळ साचून उष्णता कोंडली, तर तो आत्मरक्षणार्थ आपली गती उतरवतो हे खरे. परंतु तो अपराध धुळीचा, आणि धूळ झाडता येते. खरा आरोपी बहुधा हार्ड डिस्क असते.

२०१२ साली निघालेल्या थिंकपॅड टी४३०चे उदाहरण घेऊ. त्यातील २.६ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला २६० कोटी ठोके देतो; उलट मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीवरील एखादा तुकडा वाचावयाचा, तर वाचणारे टोक जागेवर सरकून आणि चकती फिरून तो तुकडा त्याच्याखाली येईपर्यंत सुमारे १५ मिलिसेकंद जातात, म्हणजे तेवढ्यात जवळजवळ ४ कोटी ठोके निष्फळ होतात. दफ्तरखान्यातून रुमाल आणणारा शिपाई वृद्ध असेल, तर कारकून कितीही हुशार नेमला तरी निकाल लवकर लागत नाहीत. एसएसडीत काहीच फिरत नसल्यामुळे हाच विलंब एका मिलिसेकंदाच्याही आत येतो, आणि म्हणूनच खर्च एकाच गोष्टीवर करणे शक्य असेल, तर तो येथे करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पण एसएसडी लिहून लिहून संपते म्हणे!’ संपते, हे अमान्य करण्याचे कारण नाही. मात्र सॅमसंगच्या ८७० ईव्हो या २५० जीबीच्या एसएसडीस १५० टेराबाइट लेखनाची हमी आहे, आणि रोज २० जीबी लिहिले, जे सामान्य गृहस्थाच्या हातून सहसा घडत नाही, तरी ती मर्यादा गाठण्यास वीस वर्षे लागतील.

रॅमविषयी लोकांची श्रद्धा याच्या उलट, म्हणजे अमर्याद. ४ जीबीची ८ केल्यास लाभ स्पष्ट दिसतो. पत्रव्यवहार आणि हिशेब यांपुरताच यंत्राशी संबंध असणाऱ्यास ८ची १६ केल्याचा क्वचितच. त्यातून यंत्रावर ३२-बिट विंडोज १० असेल, तर ४ जीबीच्या पलीकडची रॅम तिच्या खिजगणतीतही येत नाही. डीडीआर४ची पट्टी डीडीआर३च्या खाचेत बसतच नाही. कित्येक सडपातळ लॅपटॉपांत तर रॅम मुख्य फलकावरच डाख देऊन जडविलेली असते. खरेदीपूर्वी मॉडेलचा दाखला पाहावा.

विंडोज १०च्या सामान्य पाठिंब्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा ‘आता लॅपटॉप बंद पडणार’ अशी अफवा उठली. यंत्र बंद पडत नाही. बंद होते ती सुरक्षेची विनामूल्य डागडुजी, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्याने ही उणीव क्षुल्लक मानू नये. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि, इंटेलचा असल्यास, साधारणतः आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. टी४३०चा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आडवाटेने ती त्यावर चढविता येते, पण मायक्रोसॉफ्ट तिची जबाबदारी घेत नाही.

अशा यंत्रास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अधिक मानवते. लिनक्सवर मराठी उमटत नाही, हा समज युनिकोडपूर्व काळाचा अवशेष होय. इन्स्क्रिप्ट कळफलक तेथे निवडावयाचाच काय तो अवकाश. मात्र ज्याचा चरितार्थ श्रीलिपीसारख्या विंडोजसाठी रचलेल्या प्रणालींवर चालतो, अशा मुद्रणव्यावसायिकाने ही वाट विचारपूर्वकच धरावी.

राहता राहिली काढलेली हार्ड डिस्क. झटपट फॉरमॅट केल्याने मजकूर नष्ट होत नाही. केवळ त्याची अनुक्रमणिका जाते आणि दस्तऐवज जागच्या जागी राहतात. ती भंगारात देण्यापूर्वी आरंभापासून अंतापर्यंत शून्ये लिहून घ्यावीत. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला त्यासाठी दीड-दोन तास लागतात.